बाटलीतला कुडा

आमच्या वर्गात बावीस बाटल्या होत्या, आणि त्या बावीस बाटल्या ओळखता आल्या की माणूस औषधी वनस्पती जाणतो असं धरलं जाई. रुंद तोंडाच्या, बुचाच्या, काचेच्या बाटल्या. प्रत्येकीत वाळलेलं काहीतरी असे, कुठे साल, कुठे मूळ, कुठे पान किंवा बी. वर लेबल आणि लेबलावर लॅटिन नाव. परीक्षेच्या दिवशी लेबलं कागदाने झाकत आणि आम्ही ओळखायचं. मी पहिल्याच महिन्यात ओळखायला शिकलो. ज्येष्ठमधाच्या बाटलीच्या तळाचा टवका उडाला होता, सोनामुखीचं बूच नवं होतं आणि कुड्याच्या बाटलीच्या गळ्याला हिरवा दोरा बांधलेला होता. वनस्पती ओळखायला मला पुढे बराच वेळ लागला, पण तिची परीक्षा नव्हती.

संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. औषधं आता शिकलेल्या माणसानेच बनवायची आणि विकायची, असा कायदा झाला होता, आणि त्या कायद्याच्या मागोमाग कोल्हापुरात हा वर्ग निघाला होता. एका जुन्या इमारतीचा वरचा मजला, एक प्रयोगशाळा, स्पिरिटचे आठ दिवे. मी शाहूवाडीकडच्या डोंगरातला. घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिलाच. मी तिथे काय शिकणार हे वडिलांनी एकदाच विचारलं. मी सांगितलं, झाडांच्या साली, मुळ्या ओळखायच्या आणि त्यांच्यातला औषधी अंश रसायनाने वेगळा काढून मोजायचा. वडील म्हणाले, "साली तर तुझी आईबी वळखती. तिला धाड की."

मला त्या वेळी हे अडाण्याचं बोलणं वाटलं. ते मी इथे कबूल करून ठेवतो.

आमचे सर मुंबईला शिकून आलेले होते. गळ्यात टाय असे, आणि बाटलीतली वस्तू दाखवायची तर ते ती पेन्सिलीच्या टोकाने दाखवत, हाताने नाही. त्यांच्याबद्दल वाईट लिहायची माझी इच्छा नाही. आपलं इंग्रजी पुस्तक त्यांनी मला दोन महिने वाचायला दिलं होतं, आणि मी ते परत केलं तेव्हा पानं मोजून पाहिली नव्हती. पण पुस्तकावर त्यांचा जो विश्वास होता, तो मी पुढे देवळातही कुणाचा पाहिला नाही. पुस्तकात लिहिलेलं असे: रंग बाहेरून भुरकट, आतून फिकट, मोडल्यास कडकन मोडते, वास नाही, चव कडू. ते सांगत, आम्ही लिहून घेत असू. बाटली टेबलावर हजर असे, साक्षीला बोलावलेल्या पण कुणी काही न विचारलेल्या माणसासारखी.

चवीच्या बाबतीत एक गोष्ट खरी होती. गोड बाटल्या लवकर संपत. ज्येष्ठमध तर मुलं बडीशेपेसारखं खात. सोनामुखीही संपे, पण ती पोट साफ व्हायला, आणि तिचं कारण आमच्या बोर्डिंगातली डाळ होती. त्यामुळे या दोन बाटल्यांत दरवर्षी ताजा माल भरला जाई. कडू म्हणून लिहिलेल्या बाटल्यांना मात्र कुणी हात लावत नसे. कुड्याची बाटली तर वर्ग निघाल्यापासूनची होती. आमची चौथी तुकडी. तीन तुकड्यांनी त्या सालीवर 'चव: कडू' असं लिहून झालं होतं. चौथीतर्फे मीही लिहिलं, वळणदार अक्षरात, खाली रेघ मारून. सरांनी शेजारी बरोबरची खूण केली.

दुसऱ्या वर्षी ओळखण्याच्या पुढे जाऊन मोजणं आलं. कुड्याच्या सालीत अल्कलॉइड असतात. हा झाडातला कडू, औषधी अंश. आव पडते त्यावर कुडा देतात तो याच्याच जोरावर. सालीची पूड करायची, अमोनिया घालून मुरवायची, क्लोरोफॉर्मने अंश ओढून घ्यायचा, मग मोजून आम्ल घालायचं आणि किती आम्ल उरलं ते पाहायचं. जितकं कमी उरेल तितका अंश जास्त. दोन दिवसांचं काम होतं आणि डोळ्यांतून पाणी काढणारं होतं.

पण आमच्या वर्गात हे काम दोन दिवसांचं नव्हतं, अर्ध्या तासाचं होतं. तिथली रीत अशी होती की निकाल आधी लिहायचा आणि मग त्याच्याकडे पोचायचं. माझ्या टेबलावरचा जोडीदार कोल्हापुरातलाच होता, शिक्षकाचा मुलगा, हुशार आणि तोंडाळ. त्याच्याकडे पहिल्या तुकडीतल्या चुलतभावाचं जर्नल होतं. पुस्तकातला आकडा त्या जर्नलात, तिथून दुसऱ्या तुकडीत, तिथून तिसरीत, असा तो चालत आमच्यापर्यंत आला होता. कसब एवढंच, की दशांश चिन्हापुढचा आकडा शेजाऱ्यासारखा येऊ द्यायचा नाही. जोडीदार म्हणायचा, "पाचाच्या जागी तू चार लिही, मी सहा लिहितो. निसर्गात फरक असतोच की."

मी मात्र प्रयोग केला. हे काही धैर्य नव्हतं. आम्हा घरच्या पहिल्या शिकणाऱ्यांची ही एक खोड असते. कुठली गोष्ट खरोखर करायची असते आणि कुठली नुसती लिहायची असते, हे आम्हाला कुणी सांगितलेलं नसतं.

जितकं आम्ल घातलं होतं तितकंच परत मिळालं. म्हणजे सालीत काहीच नव्हतं. मी पुन्हा केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा क्लोरोफॉर्मच्या वासाने डोकं गरगरेपर्यंत केला आणि शून्य घेऊन सरांसमोर उभा राहिलो. त्यांनी आकडा पाहिला, मग माझ्या हातांकडे पाहिलं.

"तुमचा हात शेतीचा आहे," ते शांतपणे म्हणाले. "प्रयोगशाळेला सफाईचा हात लागतो."

मला ते पटलं. आज याचंच मला सगळ्यांत नवल वाटतं. बोर्डिंगात जेवायला बसलो की मी आपल्या बोटांकडे बघे. पूड काढताना, गाळताना कुठेतरी माझ्या या जाड बोटांमधून तो सगळा औषधी अंश सांडत असणार, असं मी खरंच धरून चाललो होतो.

अडचण नुसत्या अपमानाची नव्हती. परीक्षेला बसायचं तर जर्नलाच्या प्रत्येक प्रयोगावर सरांची सही लागे. एक पान जरी कोरं राहिलं तरी परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर गाव. गावात माझ्यासाठी हिरडा वेचणं तयारच होतं. आमच्या डोंगरातली सगळी माणसं हंगामात ठेकेदारासाठी हिरडा वेचत, तसा मीही वेचला होता. त्या कामाची लाज नव्हती. पण दोन वर्षं शहरात राहून मी सालींबद्दल आईपेक्षा कमी शिकून आलो, हे वडिलांना सांगायला मी तयार नव्हतो. माझी सगळी पानं सहीची होती. कुड्याचं तेवढं उरलं होतं.

शिमग्याला घरी गेलो तेव्हा पाठांतरासाठी बाटलीतले चार तुकडे कागदात बांधून नेले होते. आई चुलीपुढे होती. तिने विचारलं, पुडीत काय आहे. मी जरा ऐटीत सांगितलं की हा कुडा, आणि याच्यात अमुक अंश असतो, आणि तो आवेवर चालतो. तिने भाकरी उलथली, हात पुसला आणि एक तुकडा उचलून हुंगला. मोडला. मग दाढेखाली धरून चावला आणि वाट बघत बसली. जरा वेळाने तिने तो चुलीत थुंकला.

"ह्यो कुडा न्हवं," ती म्हणाली. "काळा कुडा हाय. ह्येच्या बियांस्नी गोडा इंद्रजव म्हंत्यात. ह्यानं आव थांबत न्हाय, नुसतं प्वाट भरतंय."

मी म्हटलं, "आई, बाटलीवर लिहिलंय."

"आन् तू काय चाखलंस? बाटली का साल?"

मी उरलेल्यातला एक तुकडा तोंडात टाकला. दीड वर्ष मी ज्याची चव लिहीत होतो, ते पहिल्यांदा माझ्या जिभेवर आलं. जुन्या लाकडासारखं लागलं, कडू म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं. पाठीमागून वडील म्हणाले की कॉलेजला कुणीतरी फसवलेलं दिसतंय, आणि मोठ्याने हसले. आई हसली नाही. तिला वाईट वाटलं होतं, आणि ते कॉलेजबद्दल वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला बांधापलीकडच्या उतारावर घेऊन गेली. तिथे पांढरा, म्हणजे खरा, कुडा होता. तिने कोयत्याने सालीचा एक पट्टा काढला आणि न बोलता माझ्या हातात दिला. तो चावल्यावर माझं तोंड असं झालं की दुपारची भाकरीसुद्धा कडू लागली. माझ्या जर्नलातलं एक वाक्य, लिहून दीड वर्ष झाल्यावर, खरं ठरलं. आईने चांगली पिशवीभर साल काढली, घराच्या कौलांवर वाळवली आणि निघताना माझ्या हाती दिली. म्हणाली, "तुझ्या मास्तरास्नी दे. आमच्याकडनं म्हनावं."

बोर्डिंगाच्या गच्चीवर ती आणखी आठ दिवस वाळली. मग मी तिची चिमूटभर पूड घेऊन नुसती ओळखीची कसोटी करून पाहिली. पुडीच्या अर्कात कसोटीच्या द्रावणाचा थेंब टाकायचा; अल्कलॉइड असले की अर्क गढूळ होतो. थेंब पडला आणि नळी दुधासारखी पांढरट झाली. जोडीदार शेजारी उभा होता. त्याने नळी उजेडात धरली, बाटलीकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे तीन तुकड्या नापास, लेका. आणि आमचे दादा तर यात पहिले आले होते."

सरांना सांगायला मला चार दिवस लागले. वाक्य मी तीनदा पाठ केलं होतं आणि त्यांच्यासमोर गेल्यावर ते उलट्या क्रमाने बाहेर आलं. त्यांनी ऐकून घेतलं. मध्ये थांबवलं नाही, हेही सांगायला हवं.

"बाटलीवर काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"कुडा, सर."

"मग?"

मी म्हणालो, सर, एकदा चाखून पाहिली तर. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना आमच्या पंगतीला बसायचा आग्रह केला होता. मग ते समजावणीच्या सुरात म्हणाले की खेड्यातल्या बायका काय म्हणतात त्यावर शास्त्र चालत नाही. या बाटलीवर तीन तुकड्यांचे निकाल आले आहेत, सगळे पुस्तकाशी जुळणारे. एवढ्या मुलांचा हात बरोबर आणि एकट्या माझाच चुकला, तर दोष कुठे शोधायचा, हे मीच ठरवावं. यात तर्क होता. त्या सगळ्यांनी एकाच जर्नलातून उतरवलं होतं, एवढंच त्या तर्काला माहीत नव्हतं. ते मी सांगू शकलो असतो. पण मग जोडीदाराचं नाव आलं असतं, आणि त्याच्या दादांचंही.

"सोमवारी माझ्यासमोर करा," सर म्हणाले. "याच बाटलीतून. आकडा आला तर सही देईन."

जोडीदाराचा सल्ला सरळ होता: समोर करायचं ते कर, आकडा पाठ करून ठेव. मी म्हटलं, सर ब्युरेट, ती मोजायची नळी, बघत उभे राहणार. तो विचार करत राहिला, मग माझ्या खोलीतल्या पिशवीकडे पाहायला लागला. ही कल्पना आधी कुणाच्या डोक्यात आली हे मला आज खात्रीने सांगता येणार नाही. त्याच्या आली असती तर बरं झालं असतं.

रविवारी दुपारी आम्ही वर्गात गेलो. कुलूप फक्त विषांच्या कपाटाला असे. झाडपाला कोण चोरणार, म्हणून बाटल्या उघड्यावरच असत. जोडीदार जिन्यात उभा राहिला. मी हिरव्या दोऱ्याची बाटली काढली, काळा कुडा कागदावर ओतला, बाटली पुसली आणि आईने काढलेली साल, तुकडे सारखे करून, आत भरली. दोरा होता तसा ठेवला. उतरताना जोडीदार म्हणाला, "चोर बाटलीतलं नेतात. बाहेरचं आणून बाटलीत घालणारा तूच पहिला."

जुनी साल मी बोर्डिंगाच्या बंबात घातली. सोमवारी आंघोळीचं पाणी छान तापलं होतं.

सर दोन्ही दिवस अधूनमधून माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. माझा हात आधीसारखाच होता. शेवटी आकडा आला. तो पुस्तकातल्यापेक्षा थोडा जास्तच होता. बांधापलीकडचं ते झाड जुनं होतं आणि त्याला पुस्तक माहीत नव्हतं. सरांनी कपाळाला आठी घातली.

"जास्त कसा आला?"

मी नळ्या धुवायला घेतल्या.

"घाई केलीत," ते म्हणाले. "पण प्रगती आहे. आता पटलं ना? दोष बाटलीत नव्हता, हातात होता."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. जर्नल उघडं होतं, पेनचं टोपण निघालेलं होतं, आणि मी म्हणालो, "हो सर." त्यांनी सही केली. एवढ्यावर भागलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वर्गासमोर उभं केलं आणि सांगितलं की चिकाटी असेल तर नांगर धरणारा हातसुद्धा शास्त्राला लायक होतो, हे पाहा. मुलांनी पाहिलं. जोडीदार तेवढा पुस्तकात तोंड घालून बसला होता.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. माझ्या वाट्याला हिरवा दोराच आला. मी रंग सांगितला, मोड सांगितली. चव कशी, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कडू. त्यांनी मान वर केली.

"चाखलीत का काय?"

"हो सर."

"तसं करत जाऊ नका," ते काळजीने म्हणाले. "एखादं विषारी निघेल. पुस्तकात असतं सगळं."

मी पास झालो. सगळेच पास झालो. सबंध वर्गाने त्या सालीबद्दल जे आधी लिहिलं होतं तेच पुन्हा लिहिलं, आणि या खेपेला ते खरं होतं. बाटलीत काही बदललंय हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

निकाल घेऊन घरी गेलो. वडिलांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि तुळईच्या खाचेत जपून ठेवला. आई मात्र वेगळंच विचारायला लागली, मास्तरांनी साल घेतली का. मी म्हटलं, घेतली.

"मग? काय म्हनालं?"

"म्हणाले, माझा हात सुधारला."

तिला ते कळलं नाही. मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं: सही, सोमवार, दुपारची बाटली, बंब. ती ऐकत राहिली. सांगून झाल्यावर मला वाटलं होतं ती हसेल. ती म्हणाली, "म्हंजी साल सपली की त्येंच्या बाटलीत परत काळाच कुडा ईल की."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी घाईने म्हणालो, दर शिमग्याला मी एक पिशवी नेऊन भरत जाईन.

"पिशवी नगं," आई म्हणाली. "त्येनला झाड दाव."

मी सरांना पत्र लिहायला बसलो. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर सगळं लिहिलं. काळा कुडा, आईने तो चावून ओळखला ते, रविवारी मी केलेली अदलाबदल, आणि पुढच्या मुलांना घेऊन एकदा आमच्या उतारावर यावं, जेवणाची सोय घरी होईल, हेही. चोरी कबूल करायची भीती होती, पण निकाल हातात होता. ही हिंमत मला निकालानंतर आली, आधी नाही. पत्रात तेही लिहिलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. सरांनी माझ्या यशाबद्दल अभिनंदन केलं होतं. प्रयोगातला आकडा पुस्तकाच्या जवळ आला याचं समाधान वाटलं, असं लिहिलं होतं. पुढे कुठे नोकरी धराल तिथे स्वच्छतेची सवय ठेवा, असंही. कुड्याबद्दल एक अक्षर नव्हतं. आईला वाचून दाखवताना मी शेवटी थांबलो, तेव्हा तिने विचारलं, आणखी काय लिहिलंय. आणखी काही नव्हतं. खाली सही होती, जर्नलावर होती तशीच.